पोटांतील कळ : एका जुन्या दुखण्याची कथा

वैशाखांतील एखाद्या दुपारीं शेतांत काम करणारा धडधाकट माणूस एकाएकीं कंबरेवर हात ठेवून खालीं बसतो. बसवत नाहीं म्हणून उठतो, उभें राहवत नाहीं म्हणून आडवा होतो, आणि आडवा होतांच पुन्हां तडफडून उठतो. अंगाला घाम फुटतो, ओकारी येते. कळ पाठीकडून बरगडीखालून निघते आणि कुशींतून जांघेंत उतरते. घरचीं माणसें धांवत येतात. कोणी पोटावर शेक देतें, कोणी ओवा चावावयास देतें, कोणी म्हणतें वायगोळा उठला, कोणी म्हणतें जेवण बाधलें, कोणी दृष्ट काढावयास सांगतें. तासा-दोन तासांनीं कळ आपोआप ओसरते, माणूस झोपीं जातो, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां कामाला लागतो. "पोटांत दुखत होतें, राहिलें," एवढ्या चार शब्दांत त्या सबंध प्रसंगाची वासलात लागते.

आजच्या भाषणांत या चार शब्दांमागचा इतिहास सांगण्याचा माझा विचार आहे. मुतखडा, मूत्रपिंडाचे विकार आणि लघवीचीं दुखणीं यांवर उपाय शोधण्यांत मनुष्यजातीनें दोन हजार वर्षें घालविलीं. शस्त्रें सुधारलीं, औषधें सुधारलीं, शरीराच्या आंत पाहण्याचीं यंत्रें निघालीं. परंतु रोगी आणि वैद्य यांच्यामधलें जें पहिलें साधन, म्हणजे रोग्यानें आपलें दुखणें नीट सांगणें आणि वैद्यानें तें ऐकून त्याचा अर्थ त्यास समजावून देणें, तें मात्र त्या मानानें फारच थोडें सुधारलें. जालना जिल्हा आणि त्याच्या आसपासच्या मुलखाचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट विशेष ठळकपणें दिसते.

वास्तविक आपल्या भाषेला दुखण्याच्या शब्दांचें दारिद्र्य नाहीं. आंतड्यांना पीळ पडल्यासारखें दुखतें तो मुरडा. लाटेसारखी येते आणि जाते ती कळ. सुई टोचावी तशी क्षणभर येते ती चमक. पिकलेल्या गळवासारखा सतत जाणवतो तो ठणका. लघवीच्या वेळीं आग होते आणि ती थेंबथेंब उतरते, त्याला आपण उन्हाळी लागली असें म्हणतों. त्या एका शब्दांत ऋतु, कारण आणि लक्षण अशीं तिन्ही सामावलीं आहेत. ज्या समाजानें हे शब्द घडविले त्यानें आपल्या देहाचें निरीक्षण किती बारकाईनें केलें असेल! आणि तरीही दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवतांच हे सारे शब्द आपण बाहेर ठेवतों, आणि आंत जाऊन "पोट दुखतें" एवढेंच सांगतों.

जालना जिल्हा वयानें लहान आहे. १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील प्रदेश वेगळा काढून तो निर्माण झाला. पण ही भूमि जुनी आहे. याच जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. समर्थांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत तीन तापांचें निरूपण केलें आहे. त्यांपैकीं आपल्याच देहांत आणि मनांत उठणाऱ्या तापाला, म्हणजे आध्यात्मिक तापाला, त्यांनीं एक सबंध समास दिला असून त्यांत रोगांची मोठी नामावळीच गुंफिली आहे. परमार्थाच्या ग्रंथांत खरूज, नारू, देवी, गोवर यांचीं नांवें घेण्यांत समर्थांना कांहींच कमीपणा वाटला नाहीं. दुखण्याला त्याच्या नांवानें हांक मारावी, त्याची लाज बाळगूं नये, एवढा धडा तरी या समासापासून आपणांस घेतां येण्यासारखा आहे. लघवीच्या विकारांच्या बाबतींत हा धडा आपण अजून गिरविलेला नाहीं.

आतां मुतखड्याकडे वळूं. आयुर्वेदांत त्याला अश्मरी म्हणतात. चरकानें शिर, हृदय आणि बस्ति अशीं तीन मुख्य मर्में मानिलीं; मूत्राशयाला त्यानें हृदयाच्या पंक्तीला बसविलें, यावरून या अवयवाचें महत्त्व प्राचीनांनीं किती ओळखिलें होतें तें कळतें. सुश्रुतसंहितेंत निदानस्थानाचा एक अध्याय केवळ अश्मरीसाठीं आहे. खडा कसा बनतो हें सांगतांना सुश्रुतानें घरांतलाच दाखला दिला आहे. नव्या घागरींत स्वच्छ पाणी भरून ठेविलें तरी कालांतरानें तळाशीं गाळ बसतो, तसाच मूत्राशयांत खडा बसतो, असें त्याचें म्हणणें. आजचें रसायनशास्त्र क्षारांच्या संपृक्त द्रवाची जी गोष्ट सांगतें, तिचा गाभा या घागरीच्या दाखल्यांत आहे. मात्र मूत्र कोठून येतें याविषयीं सुश्रुताची कल्पना चुकीची होती. तोंडापर्यंत पाण्यांत बुडविलेली नवी घागर जशी बाजूंनीं पाझरून भरते, तसें पक्वाशयाकडून सूक्ष्म स्रोतसांवाटें मूत्राशयांत मूत्र झिरपतें, असें त्यास वाटलें. वृक्क, म्हणजे मूत्रपिंडें, त्यास ठाऊक होतीं. पण मूत्र तींच तयार करितात हें त्यास कळलें नव्हतें.

असें असूनही त्याची शस्त्रक्रिया वाचतांना आश्चर्य वाटतें. गुडघाभर उंचीच्या फळीवर रोग्यास उताणें ठेवावें, त्याचें शरीर बळकट माणसानें मांडीवर धरावें, वैद्यानें डाव्या हाताचीं दोन बोटें गुदद्वारांतून आंत घालून खडा खालीं आणावा, शिवणीपासून जवाएवढें अंतर सोडून डाव्या बाजूस छेद घ्यावा, आणि टोंकाशीं वांकविलेल्या हत्यारानें खडा अखंड बाहेर काढावा; त्याचा चुरासुद्धां आंत राहूं देऊं नये, कारण तो राहिल्यास पुन्हां वाढतो. भूल देण्याची सोय नसलेल्या काळांतील हें वर्णन आहे. आणि या सर्वांच्या आधीं सुश्रुतानें एक अट घातली आहे. औषधानें गुण येत नसेल तरच शस्त्र हातीं घ्यावें. शस्त्र न लावल्यास मृत्यु निश्चित आणि लावल्यास जगण्याचा संशय, अशी स्थिति असल्यामुळें अधिपतीची अनुज्ञा घेऊनच हें कर्म करावें. धोका काय आहे तें आधीं उघड बोलावें आणि मग हात लावावा, हा नियम त्या वैद्यानें घालून दिला. मात्र अनुज्ञा अधिपतीची घ्यावयाची होती. रोग्यास स्वतःस काय समजलें पाहिजे, हा प्रश्न पुढें कित्येक शतकें कोणी विचारलाच नाहीं.

शस्त्राची ही धास्ती सर्वत्र सारखीच होती. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नांवानें चालत आलेल्या शपथेंत, मुतखड्याच्या रोग्यास मी शस्त्र लावणार नाहीं, तें काम त्यांत मुरलेल्या लोकांवर सोंपवीन, असें वचन आहे. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस याचा मूत्राशयांतील खडा २६ मार्च १६५८ रोजीं काढण्यांत आला. तो वांचला, याचें त्याला इतकें अप्रूप वाटलें कीं, त्या तारखेस दरसाल मेजवानी द्यावयाची असें त्यानें ठरविलें, आणि तो खडाही जपून ठेविला. ज्या शस्त्रक्रियेंतून जिवंत बाहेर पडणें हा सणासारखा साजरा करण्याजोगा प्रसंग होता, ती टाळण्यासाठीं लोकांनीं घरगुती उपायांचा आश्रय केला तर नवल काय?

आपल्याकडेही ते उपाय पुष्कळ होते. हुलग्याचें कढण, गोखरूचा काढा, पाषाणभेद, वायवर्ण्याची साल, वाळ्याचें पाणी हीं नांवें आजही मराठवाड्यांतील घरोघरच्या वृद्धांच्या ओठांवर आहेत. या वनस्पतींनीं मोठा खडा विरघळतो असा भरंवसा देतां येत नाहीं. पण या उपायांत एक गोष्ट सामान्य आहे, ती ही कीं, त्या सर्वांच्या निमित्तानें रोग्याच्या पोटांत दिवसभर पाणी जातें. लहान खडा पुष्कळदां वाहून जातो, आणि श्रेय काढ्याला मिळतें. घागरीच्या दाखल्यानें बोलावयाचें तर, पाणी भरपूर आणि वाहतें असलें कीं गाळ बसत नाहीं.

मूत्रपिंडाच्या रोगाचें खरें स्वरूप कळूं लागलें तें एकोणिसाव्या शतकांत. लंडनच्या गाय्स रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यानें १८२७ सालीं एक साधी गोष्ट जगापुढें ठेविली. ज्यांच्या अंगावर सूज आहे अशा कांहीं रोग्यांचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापविलें असतां तें अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखें गोठतें. आणि असे रोगी मेल्यावर पाहिलें तर त्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळतात. चमचा आणि मेणबत्ती! एवढ्या साहित्यावर एका मोठ्या रोगाचें निदान उभें राहिलें. आज दवाखान्यांत लघवींत कागदी पट्टी बुडवून प्रथिन पाहतात, ती परीक्षा त्याच चमच्याची नात आहे.

त्याच सुमारास शस्त्रही बदलूं लागलें. पॅरिसच्या सिव्हिआल यानें १८२४ मध्यें पोट न फाडतां, मूत्रमार्गानेंच हत्यार आंत घालून खडा फोडून दाखविला. बोस्टनच्या बिगेलो यानें १८७८ मध्यें त्यांत सुधारणा करून, एकाच बैठकींत खडा फोडावा आणि त्याचा चुरा धुवून काढावा, अशी रीत घातली. ही रीत लहान मुलांना चालणार नाहीं असा युरोपांतील शस्त्रवैद्यांचा समज होता. तो खोडून काढण्याचें काम झालें आपल्या मराठी होळकरांच्या इंदुरांत. तेथील रेसिडेन्सीचे सर्जन डॉक्टर कीगन यांनीं १८८० नंतरच्या दशकांत लहान मुलांवर हीच क्रिया यशस्वी रीतीनें करून तिचे वृत्तांत प्रसिद्ध केले. भुलीच्या औषधाचाही संबंध आपल्या या प्रदेशाशीं येतो. जालना त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें, आणि त्या राज्याची राजधानी हैदराबाद येथें १८८८ व १८८९ मध्यें डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें क्लोरोफॉर्म किती निर्धोक आहे हें तपासण्यासाठीं दोन मंडळें बसलीं. त्यांचा निष्कर्ष पुढें पूर्णपणें टिकला नाहीं. पण रोग्याला वेदनेंतून सोडवितांना त्याचा जीव धोक्यांत पडूं नये, याची चिंता एवढ्या मोठ्या प्रमाणावर वाहिली गेली, ही गोष्ट लहान नव्हे.

यानंतर प्रश्न पुढें आला तो कारणाचा. पंजाब, सिंध, काठेवाड या भागांत गरिबांच्या लहान मुलांना मूत्राशयाचा खडा फार होई. निलगिरींतील कुन्नूर येथें संशोधन करणारे डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उंदरांना निकस, धान्यप्रधान अन्न देऊन त्यांच्या मूत्राशयांत खडे उत्पन्न झालेले दाखविले, आणि त्यांस दूध दिलें म्हणजे खडे टळतात हेंही दाखविलें. जो रोग दैवानें येतो असें वाटत होतें, तो ताटांतून येतो असें ठरलें. पुढें अन्न सुधारलें तसा मुलांच्या मूत्राशयांतील खडा मागें पडला, आणि त्याच्या जागीं मोठ्या माणसांच्या मूत्रपिंडांतील खडा पुढें आला. आज आपण मुतखडा म्हणतों तो बहुधा हा दुसरा.

एवढी विद्या वाढली, पण ती रोग्यापर्यंत कोणत्या भाषेंत पोंचली? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मुंबईस १८२६ मध्यें डॉक्टर जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं एतद्देशीयांसाठीं वैद्यकशाळा निघाली आणि तेथें मराठींत वैद्यकाचीं पुस्तकें तयार करण्याचा उद्योग झाला. पण ती शाळा १८३२ मध्यें बंद पडली. ग्रँट मेडिकल कॉलेजांत १८६१ मध्यें देशी भाषांचे वर्ग निघाले, त्यांतला मराठी वर्ग १८७८ मध्यें पुण्यास गेला. पुढें तेथेंही इंग्रजीचेंच राज्य झालें. जालन्याची स्थिति याहून विकट होती. हैदराबाद संस्थानांत १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू ही दरबारची भाषा झाली, आणि १९१८ मध्यें निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत वैद्यकासह सर्व शिक्षण उर्दूंतून दिलें जाऊं लागलें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण हा प्रयोग खरोखर धाडसाचा होता. परंतु अंबड-परतूरकडील कुणब्याची भाषा मराठी होती. हकीम त्याच्या अवयवाला गुर्दा म्हणे, वैद्य वृक्क म्हणे, जालन्याच्या मिशन रुग्णालयांतील डॉक्टर किडनी म्हणे, आणि तो स्वतः म्हणे, "कुशींत कळ येते." एकाच अवयवाचीं चार नांवें झालीं, आणि चौघांचें एकमेकांशीं बोलणें मात्र होईना. भाषांतरांत दुखणें निम्में गळून जातें, तें असें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ मध्यें औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याचें रुग्णालय घाटी या नांवानें मराठवाड्यांतील लहानथोरांच्या तोंडीं आहे, आणि जालन्याकडील रोग्यांचा तो कित्येक वर्षें शेवटचा आधार होता. २०२४ मध्यें खुद्द जालन्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. आतां डॉक्टरही मराठी, रोगीही मराठी. तेव्हां भाषेची सबब उरलेली नाहीं. तरीही औषधाच्या चिठ्ठीवर काय लिहिलें आहे, खडा किती मोठा आहे, पुन्हां केव्हां यावयाचें, हें रोग्यास विचारलें तर बहुधा तो मान हालवितो. पूर्वीं मधें परकी भाषा होती. आतां मधें घाई आहे आणि संकोच आहे.

आतां या इतिहासांतील सर्वांत धोक्याचा मुद्दा सांगतों. १८९५ मध्यें राँटगेन यानें क्षकिरण शोधून काढले आणि शरीरांतील खडा प्रथमच डोळ्यांना दिसूं लागला. पुढें ध्वनिलहरींनीं आंतलें चित्र काढण्याची युक्ति निघाली. तिलाच आपण सोनोग्राफी म्हणतों. १९८० मध्यें जर्मनींतील म्युनिक येथें शरीराबाहेरून धक्क्याच्या लहरी सोडून मूत्रपिंडांतील खडा फोडण्याचा पहिला प्रयोग रोग्यावर झाला. या यंत्रांनीं एक विलक्षण गोष्ट उघड केली. कळ थांबली म्हणजे खडा गेला असें मुळींच नव्हे! खडा मूत्रवाहिनींत अडकतो, मूत्र मागें तुंबतें, मूत्रपिंड ताणलें जातें, आणि त्या ताणाची कळ येते. कांहीं काळानें मूत्रपिंड दमतें, मूत्र गाळणें कमी करितें, ताण उतरतो आणि कळही थांबते. खडा मात्र जागच्या जागीं असतो. घरांतलीं माणसें देवाचे आभार मानीत असतांना, कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत तें मूत्रपिंड कायमचें निकामी होऊं शकतें. सुश्रुताच्या काळीं लोक शस्त्रानें मरत. आज कित्येकांचें मूत्रपिंड "राहिलें" या एका शब्दानें मरतें. प्रारंभीं सांगितलेला तो शेतकरी दुसऱ्या दिवशीं कामावर गेला तें चुकलें नाहीं. दवाखान्यांत गेला नाहीं तें चुकलें.

आणि कित्येक विकारांत तर कळ मुळींच येत नाहीं. मधुमेह आणि रक्तदाब हीं मूत्रपिंड निकामी होण्याचीं आजचीं मुख्य कारणें आहेत. पण तीं आंतल्या आंत, मुक्यानें काम करितात. म्हणून ज्यांना हे विकार आहेत त्यांनीं दुखण्याची वाट न पाहतां वर्षांतून एकदां तरी लघवींतील प्रथिन आणि रक्तांतील क्रिएटिनीन तपासून घ्यावें.

जालना जिल्ह्यांत हा सारा प्रश्न शेवटीं पाण्याशीं येऊन थांबतो. येथें पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. निजामी अमदानींत बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावानें जालना शहराची तहान कित्येक वर्षें भागविली. पण १९७२ चा दुष्काळ आणि २०१२-१३ चा दुष्काळ हे दोन्ही या जिल्ह्यानें भोगले आहेत. त्या दुसऱ्या दुष्काळांत पाण्यावांचून मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांना त्या स्वतःच्या हातानें तोडाव्या लागल्या. बाग वाळते तें डोळ्यांना दिसतें. माणूस आंतून वाळतो तें दिसत नाहीं. विहिरीचें जड पाणी प्याल्यानें खडा होतो, असा समज सार्वत्रिक आहे. त्यांत थोडें तथ्य असलें तरी, जड पाणी पिण्यापेक्षां पाणी कमी पिणें हें कितीतरी मोठें कारण आहे.

या बाबतींत स्त्रियांचे हाल अधिक. स्त्रीचा मूत्रमार्ग आंखूड असल्यामुळें तिला जंतुसंसर्ग लौकर होतो. त्यांतून शेतावर, बाजारांत, उसाच्या फडावर आडोसा नाहीं; म्हणून ती पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून ठेवते. उन्हाळी लागली तरी सांगावयाची लाज; सांगितलें तर "पोट दुखतें" एवढेंच. या मोघम शब्दांची किंमत किती भयंकर असूं शकते हें शेजारच्या बीड जिल्ह्यानें दाखविलें. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयें फार मोठ्या संख्येनें काढून टाकण्यांत आल्याचें २०१९ मध्यें उघडकीस आलें आणि शासनाला चौकशीसाठीं समिती नेमावी लागली. अशा कित्येकींचीं मूळ गाऱ्हाणीं पोटदुखी आणि अंगावरून जाणें अशीं होतीं. काय दुखतें, कोठें दुखतें, केव्हांपासून दुखतें, हें सविस्तर सांगण्याची सवड आणि ऐकून घेणारें माणूस त्यांना मिळतें, तर त्यांपैकीं कित्येकींवर शस्त्र चाललेंच नसतें.

तेव्हां श्रोतेहो, दवाखान्यांत जातांना आपल्या भाषेंतील ते सारे शब्द बरोबर घेऊन जा. कळ कोठून निघते आणि कोठें उतरते, लाटेनें येते कीं सतत असते, लघवीचा रंग कसा आहे, तिच्यांत रक्त दिसलें काय, ती किती वेळां होते, तिच्याबरोबर जळजळ होते काय, ताप आला काय, हें सांगा. मुतखड्याचा रोगी बहुधा स्थिर राहूं शकत नाहीं. उलट आंतडें फुटलेला किंवा आंत्रपुच्छ पिकलेला रोगी हलावयास भितो आणि निपचित पडून राहतो. एवढा एक भेद घरांतील माणसानें सांगितला तरी डॉक्टरचें काम सोपें होतें. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात बंद झाली, पोट लाकडासारखें कडक झालें, रोगी गरोदर असला किंवा त्याला एकच मूत्रपिंड असलें, तर सकाळपर्यंत थांबूं नका. रात्रीं बैलगाडी जुंपावी लागली तरी निघा. छातीच्या खालीं, बेंबीच्या वर दुखून घाम सुटत असेल, तर तें हृदयाचेंही दुखणें असूं शकतें, हेंही विसरूं नका.

अंगदुखीसाठीं दुकानांतून गोळ्या आणून उन्हांत, उपाशीपोटीं, पाण्यावांचून घेण्याची जी संवय पडली आहे ती मोडली पाहिजे. कारण कांहीं वेदनाशामक औषधें कोरड्या शरीरांत मूत्रपिंडालाच घातक ठरतात. खडा होऊन गेलेल्यानें दिवसांत निदान दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढें पाणी प्यावें. लघवीचा रंग गवताच्या काडीसारखा फिका राहिला कीं पुरेसें झालें असें समजावें. इटलींतील पार्मा येथें पहिल्यांदाच खडा झालेल्या सुमारें २०० रोग्यांवर पांच वर्षें प्रयोग करून त्याचें फळ १९९६ मध्यें प्रसिद्ध झालें. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकीं शेंकडा १२ जणांना पुन्हां खडा झाला, इतरांपैकीं शेंकडा २७ जणांना. पाण्याइतकें स्वस्त औषध दुसरें कोणतें? मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळें ज्यांना पाणी मोजून प्यावयास सांगितलें आहे, त्यांनीं डॉक्टरला विचारूनच प्यावें. मीठ कमी करावें. खड्यांत चुना असतो म्हणून दूध सोडण्याची चाल आहे, ती चुकीची. १९९३ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत, अन्नांतून चुना नीट घेणाऱ्यांना खडा कमी होतो असेंच आढळलें. लिंबाचें सरबत साखर-मीठ बेतानें घालून घ्यावें. आणि आपल्या जालन्याची मोसंबी तर आहेच.

दोन हजार वर्षांपूर्वीं एका वैद्यानें घागरीच्या तळाचा गाळ पाहिला आणि माणसाच्या शरीराचें कोडें त्यांत ओळखलें. त्याला यंत्र नव्हतें. पण नीट पाहणें आणि जें पाहिलें तें सर्वांना कळेल अशा शब्दांत सांगणें, हीं दोन साधनें होतीं. तीं तुमच्याआमच्या प्रत्येकाजवळ आहेत. दुखणें बोलतें तोंवर त्याचें म्हणणें ऐकावें. आणि तें गप्प झालें म्हणजे एकदां आंत डोकावून पाहावें, कीं तें खरोखर गेलें आहे, कीं नुसतें मुकें झालें आहे.